कळसच्या महिपती सरांची गिरणी

बारामतीच्या एस.टी. स्टँडमागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. आधी तिथं माझ्या वडिलांची, गंगारामांची, टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. टाइपरायटर गेले, मग वडील गेले, आणि त्याच टेबलांवर मी, रश्मी, रॅम आणि हार्ड डिस्क मांडून बसले. माझ्याकडे दोन प्रकारची माणसं येतात. पहिली, बंद पडलेलं काहीतरी पिशवीत घालून आणतात. ती शहाणी. दुसरी, घरी धडधाकट मशीन ठेवून रिकाम्या हातानं येतात आणि स्टुलावर बसून विचारतात, "ताई, नवीन प्रोसेसर येतोय म्हणे. आत्ता घेऊ का थांबू?" या दुसऱ्यांनी माझं डोकं पिकवलंय.

त्यांना मी हौशी म्हणते. पुढच्या वर्षी कुठली कंपनी किती कोअरचा सर्व्हर प्रोसेसर काढणार हे त्यांना तोंडपाठ असतं. घरातला गॅस संपलाय हे माहीत नसतं. येणारा प्रोसेसर नेहमीच चांगला असतो, कारण तो आलेला नसतो. आला की लगेच त्याच्या पुढच्याची बातमी येते, आणि हा आलेला शिळा होतो. त्यात नव्याला जुना बोर्ड चालत नाही, जुनी रॅम चालत नाही, म्हणजे एक बदलायला गेलं की सगळंच बदलायचं. मग हौशी थांबतात. थांबून थांबून त्यांचे केस पांढरे होतात. मी सगळ्यांना एकच सांगते. काम अडलंय? घ्या. अडलं नाही? घरी जा. पण थांबू नका, कारण थांबणं हा या धंद्यातला रोग आहे आणि त्यानं कुणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही.

महिपती सर पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, आणखी एक रोगी आला. उंच, वाळकुडे, काखेत शाळेतली जुनी शबनम, हेल्मेट हातात. निमगाव केतकीच्या एका हायस्कुलात त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं आणि नुकतेच रिटायर झाले होते. राहायला कळसला. स्टुलावर बसले आणि त्यांनी तोच प्रश्न विचारला, घेऊ का थांबू. मी जरा तुसडेपणानंच म्हणाले, सर, काम काय अडलंय ते सांगा. तर म्हणाले, अंदाज पाऊस पडायच्या आधी काढायचाय, आणि माझा पडून गेल्यावर निघतो.

मला हसू आलं. ते हसले नाहीत.

मग त्यांनी सगळं शिकवलं, वर्गात शिकवावं तसं. हवामानाचं गणित करणारा एक प्रोग्रॅम आहे, मोठमोठे शास्त्रज्ञ वापरतात, आणि तो कुणालाही फुकट मिळतो. अख्ख्या जगाचा ढोबळ अंदाजही परदेशी संस्था रोज फुकट देतात. तो उतरवून घ्यायचा, त्यातून आपल्या भागाचा तुकडा कापायचा, त्याचे बारीक चौकोन पाडायचे, आणि प्रत्येक चौकोनात वारा कुठून कुठं जाईल, ओल किती चढेल, ढग कुठं धरेल याचं गणित मशीनला घालायचं. सरांचं मशीन शाळेनं मोडीत काढलेलं होतं. ते बिचारं दिवसभर धापा टाकत गणित करायचं आणि उद्याचा अंदाज परवा द्यायचं. तरी सर तो काढायचे. पडून गेलेल्या पावसाशी ताडून बघायचे आणि बरोबर आला तर खूश व्हायचे. गावात त्यांची चेष्टा व्हायची हे त्यांनीच मला सांगितलं. शेजारचा डाळिंबवाला झुंबर त्यांना येता-जाता विचारायचा, सर, काल पाऊस पडंल का?

हे खूळ कुठून आलं तेही कळलं. बऱ्याच वर्षांपूर्वी सर वर्गात ढगांचे प्रकार शिकवत होते, फळ्यावर खडूनं गारांचा ढग काढला होता, आणि त्याच दुपारी तसाच ढग कळसवर उतरून त्यांची द्राक्षबाग झोडपून गेला. बाग म्हणायला त्यांची. खरी ती बायकोची, संजीवनी वहिनींची. सरांना मूलबाळ नाही. सर शाळेत जायचे आणि वहिनी बागेत. छाटणी, फवारणी, विरळणी, मजूर, व्यापारी, सगळं त्यांचं. सर घरी आले तेव्हा त्या गारा वेचलेल्या घमेल्याशेजारी बसल्या होत्या. इतकी वर्षं मी ढग शिकवतो, ते मला म्हणाले, आणि माझ्या घरावर आलेला मला कळला नाही. ती लाज त्यांच्या मनातून कधी गेली नाही.

म्हणजे यांचं काम खरंच अडलं होतं. माझा राग गेला. पण रोग त्यांनाही होताच. दोन वर्षं ते दर महिन्याला येत राहिले. एका कंपनीचा नवा येतोय, कोअर दुप्पट. दुसऱ्या कंपनीचा येतोय, त्याहून जास्त. मग रॅमचे भाव कडाडले, म्हणून थांबले. मग नव्याची तारीख पुढं गेली, म्हणून थांबले. मी त्यांना आपल्या भाषेत सांगून पाहिलं. सर, कोअर म्हणजे उसाच्या फडातले कोयते. माळेगावच्या कारखान्याला ऊस घालायचाय आणि तुमच्या टोळीत चार कोयते आहेत, तर फड संपायला महिना लागेल. चाळीस असले तर चार दिवसांत मोकळा. पण फडातून बाहेर यायची वाट एका ट्रॅक्टरचीच असली, तर पुढं कितीही कोयते आणा, तोडलेला ऊस बांधावर पडून राहणार. तुमच्या गणिताला रॅमची वाट रुंद पाहिजे. ती मागच्या पिढीच्या सर्व्हरमध्येही रुंद आहे. पुण्याच्या कंपन्या असले सर्व्हर दोन-तीन वर्षं वापरून काढून टाकतात. येणाऱ्याच्या नावानं बसू नका. घ्या.

एका दिवाळीच्या सुमारास ते म्हणाले, बरं, आणा.

मीच ते धूड पुण्याहून आणलं आणि मीच कळसला नेऊन बसवलं. पॅकिंग शेडच्या कोपऱ्यात, द्राक्षाच्या रिकाम्या खोक्यांना लागून. बटण दाबलं तर पंखे असे ओरडायला लागले की फवारणीचा ब्लोअर बरा. संजीवनी वहिनी चहा घेऊन आल्या, ठेंगण्या, काळ्यासावळ्या, हाताला बागेच्या औषधाचा वास. कपाळाला आठी घालून त्यांनी विचारलं, ही गिरणी रोज चालणार का? सर म्हणाले, रोज. त्यावर त्या मला म्हणाल्या, जुनी निदान हळू तरी दळायची. त्या दिवसापासून घरात त्या यंत्राचं नाव गिरणीच पडलं.

वहिनींनी मला बाग दाखवली. तारांवर चढवलेले वेल, एकसारखे, भांग पाडल्यासारखे. मी कौतुक केलं तेव्हा सर मागून म्हणाले, हिच्या हाताखाली आमची बाग कधी पुरती पिकलीच नाही. ती चेष्टा होती, पण खरीही होती. त्या गारांनंतर वहिनींनी दरवर्षी घड लवकरच उतरवले. साखर भरायला आठवडा राहिलाय म्हणून व्यापारी थांबा म्हणायचा आणि या तोडायला माणसं लावायच्या. आभाळ काय करंल सांगता येत न्हाय, एवढंच म्हणायच्या. द्राक्षं आंबटसर जायची, दुसऱ्या प्रतीची ठरायची, पण जायची. वेलावर शेवटपर्यंत राहिलेलं आपल्या बागेचं द्राक्ष कसं लागतं, हे त्या बाईनं इतक्या वर्षांत कधी चाखलं नव्हतं. आणि सरांचा अंदाज त्यांनी एकदाही विचारला नव्हता. राग नव्हता. नवऱ्याची हौस आहे, दारू-जुगारापेक्षा बरी, असा हिशेब. सरांना तेच लागायचं. गाव हसलं तर चालेल. घरात कुणी विचारत नाही, हे मात्र त्यांना सोसत नव्हतं. ही गिरणी त्यांनी गावासाठी आणली नव्हती.

आणि गिरणी चालली. पहाटे घातलेलं दळण उजाडायच्या आत निघायला लागलं. इतकी ताकद हाती आल्यावर माणूस गप्प बसतो होय? सरांनी चौकोन आणखी बारीक पाडले. आधीच्या नकाशात इंदापूर तालुका म्हणजे रंगाचे चार ठोकळे दिसायचे. आता ओढा दिसायला लागला, कॅनॉल दिसायला लागला, कळसच्या वाड्या-वस्त्या वेगळ्या दिसायला लागल्या. तो नकाशा सरांनी गावकऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप करून त्यावर टाकला आणि गावाचं बघणंच बदललं. जो तो बोटांनी मोठा करून आपलं वावर शोधायचा. जानेवारीत एकदा सरांनी सांगितलं की अमक्या दिवशी धुकं धरेल, आणि धरलं. मग झुंबरनं चेष्टा बंद केली. तो फवारणीच्या आधी नकाशा बघायला लागला, आणि त्याचं बघून आणखी पन्नास जण.

मी खूश होते. माझं गिऱ्हाईक इतकं समाधानी मी क्वचित पाहिलंय. सर दुकानात यायचे ते आता पुढच्या प्रोसेसरचं विचारायला नाही, तर नकाशे दाखवायला. मी त्या नकाशांकडं बघून म्हणायची, सर, हे म्हणजे वरून फोटोच काढलाय. त्यांना ते आवडायचं. एकदा मात्र म्हणाले, फोटो नाही हो, गणित आहे. बारीक काढलं म्हणून खरं होत नाही. म्हणाले आणि मोबाइल खिशात ठेवला.

आता मार्चचं सांगते. हे मी पाहिलेलं नाही. सरांनी मला सांगितलं, नंतर.

बाग त्या वर्षी देखणी आली होती. व्यापारी सकाळी येऊन बांधावर उभा राहिला, मणी चाखला, गोडी मोजायचं यंत्र लावलं, आणि म्हणाला, आज तोडा नाहीतर आठवडाभर राहू द्या. राहिली तर एक नंबर. दरवर्षी अशा वेळी वहिनी ऐकून न ऐकल्यासारखं करायच्या आणि खोकी काढायला लावायच्या. या वर्षी त्यांनी व्यापाऱ्याला थांबायला सांगितलं आणि त्या पॅकिंग शेडमध्ये गेल्या. सर गिरणीसमोर बसले होते. पंखे ओरडत होते, म्हणून वहिनी अगदी जवळ आल्या, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "काय म्हणतंय तुमचं? तोडू का थांबू?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि ते पहिल्यांदा.

सर म्हणाले, "थांब."

त्यांनी नकाशाही दाखवला. पाऊस निळ्या रंगात होता. निमगाव केतकीकडं निळा डाग, मग कॅनॉलच्या अलीकडं तो विरत गेलेला, आणि कळस पांढरं स्वच्छ. वहिनींनी आपली बाग बोटानं शोधली. सापडली तेव्हा हसल्या, असं सर म्हणाले. मग बाहेर जाऊन त्यांनी व्यापाऱ्याला सांगितलं, आठवड्यानं या, आमच्या ह्यांनी बघितलंय. तोच नकाशा ग्रुपवर गेला, आणि झुंबरनंही डाळिंबाची तोडणी पुढं ढकलली.

तिसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. ते निमगावकडं गेलंच नाही. आधी वारा, मग पाणी, मग गारा, आणि नेमक्या त्या पांढऱ्या जागेवर. गारा थांबल्यावर ऊन पडलं, आणि उन्हात मणी तडकायला लागले. तडकलेला मणी सडतो, आणि एक सडला की घड जातो. व्यापाऱ्यानं फोन उचलला नाही. ग्रुपवर कुणी शिवी दिली नाही, कुणी काही विचारलं नाही. फक्त एकेक जण बाहेर पडत गेला. झुंबर पहिला.

चारेक दिवसांनी सर माझ्या दुकानात आले. स्टूल पुढं केलं तर बसले नाहीत. मला वाटलं, भांडायला आलेत, आणि खरं सांगते, भांडले असते तर बरं झालं असतं. मीच बोलायला लागले. सर, अंदाज आहे, चुकतो, वेधशाळेचाही चुकतो, सुरुवातीची माहितीच तोकडी असेल तर मशीन काय करणार. ते ऐकत होते. मग म्हणाले, "अंदाज चुकला नाही, रश्मीताई. मी चुकलो. मी आठ वेळा दळलं होतं."

मला कळेना. तेव्हा त्यांनी शेवटचा धडा शिकवला. जास्त कोअरचा खरा उपयोग नकाशा बारीक करायला नसतो. तेच गणित सुरुवातीला थोडं थोडं बदलून पुन:पुन्हा करायला असतो. हवेत काय आहे हे आपल्याला नेमकं माहीत नसतं. म्हणून वारा जरा असा धरून एकदा करायचं, जरा तसा धरून एकदा. सगळ्या वेळी उत्तर एक आलं तर धीरानं सांगायचं. वेगवेगळं आलं तर समजायचं की आपल्याला माहीत नाही. जुन्या मशीनवर एकदाच करता करता दिवस जायचा. गिरणी आली म्हणून त्यांना आठ वेळा करता आलं. त्या वेळीही आदल्या दिवसापासून सकाळपर्यंत त्यांनी ते केलं होतं. पाच वेळा कळस कोरडं आलं. तीन वेळा पाऊस आला, आणि त्यातल्या एकात गारांचा ढग होता, तसाच, फळ्यावर काढला होता तसा.

"मग वहिनींना सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"तिनं पहिल्यांदा विचारलं," सर म्हणाले. "तिला मी काय सांगू, की मला माहीत नाही?"

दुकानाबाहेर कुणीतरी गाडी लावून हॉर्न वाजवत होतं. मला इतका संताप आला की मी उठून त्याला चार शब्द सुनावून आले. परत आले तर सर तसेच उभे. त्यांना रडू येत नव्हतं. म्हणाले, तीन वेळा आलेला पाऊस मी पुसून टाकला, नकाशे डिलीट केले, ती बघेल म्हणून. आणि आता ती म्हणते, तुमचा काय दोष. झुंबर भेटला तर तोंड फिरवतो, ते मला सोसतं. ही रोज म्हणते, तुमचा काय दोष, ते सोसत नाही. मी म्हणाले, सांगून टाका सर, आजच्या आज. त्यांनी मान हलवली, हो म्हणून, आणि गेले. त्यांनी सांगितलं नाही.

मग उन्हाळाभर ते आले नाहीत. मी दोनदा फोन केला, दोन्ही वेळा वहिनींनी उचलला आणि झोपलेत म्हणाल्या. मे महिन्यात कळसचं एक गिऱ्हाईक सांगून गेलं की संजीवनीकाकींनी बाग काढली. जेसीबी लावला आणि एका दिवसात खोडं, तारा, अँगल सगळं उपटून बांधावर टाकलं. आता तिथं ऊस लावलाय. उसाला कुणाला विचारावं लागत नाही. तो पावसात वाढतो, उन्हात वाढतो, गारा पडल्या तर फाटतो आणि पुन्हा वाढतो. ज्या बाईनं वेलांचे भांग पाडले तिला ऊस लावावा लागला, हे ऐकून मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. मी कुणावर चिडावं तेही कळत नव्हतं.

मागच्या महिन्यात संजीवनी वहिनी स्वतः दुकानात आल्या. एकट्या, एस.टी.नं, हातात कापडी पिशवी. स्टुलावर अंग चोरून बसल्या. मी चहा सांगितला. त्यांनी माझ्या मागच्या फळीवरची खोकी वाचायचा प्रयत्न केला, मग म्हणाल्या, गिरणी बंद हाय. सर शेडमध्ये जाऊन बसतात, पण बटण दाबत नाहीत. आभाळाकडं बघत नाहीत. टी.व्ही.वर हवामान लागलं की उठून जातात. जेवतात, विचारलं तर बोलतात, आणि एरवी भिंतीकडं तोंड करून पडतात. तो आवाज मला डोकं उठवायचा, त्या म्हणाल्या, आता शेडकडं गेलं की कानात काहीतरी कमी हाय असं वाटतं.

चहा आला. त्यांनी बशीत ओतला आणि तसाच ठेवला.

"ताई, मला काय त्यातलं कळत न्हाय," त्या म्हणाल्या. "पर मी बघितलंय, हे किती कष्ट करीत व्हते. त्यांची चूक न्हाय. यंत्र ल्हान पडलं. व्हय ना?"

मी बशी त्यांच्यापुढं सरकवली.

त्यांनी सांगितलं, गाव अजून मागून बोलतं. झुंबरच्या घरातली बाई पाण्याला भेटली तर म्हणाली, मास्तरनं बुडवलं. "मी तिला सांगितलं, आमच्या माणसानं खोटं कधी सांगितलं न्हाय. त्याला दिसलं ते त्यानं सांगितलं. यंत्राला दिसलं न्हाय त्याला तो काय करंल." मग खाली बघत म्हणाल्या, "गारा पडल्यावर मी भुईवरचा एक मणी उचलून खाल्ला, ताई. गोड झाली व्हती."

मला त्या बाईकडं बघवेना. मी उगीचच टेबलावरचे स्क्रू डबीत भरत बसले.

मग त्या ज्यासाठी आल्या होत्या ते बोलल्या. सरांची जुनी सवय त्यांना माहीत होती. नव्या प्रोसेसरची बातमी आली की त्यांचा चेहरा खुलायचा. तर आता त्याहून मोठं, पुष्कळ कोअरवालं, जे काय असेल ते गिरणीत घालायचं. सरांना न सांगता. ऊस गेला की पैसे देईन, तोवर दागिना ठेवा म्हटलंत तरी ठेवीन. बाग तर गेली, ती परत लावायचं माझ्यात त्राण न्हाय, पण ह्यांनी पुन्हा एकदा बटण दाबावं. एकदा बरोबर आलं की माणूस उठून बसंल. "तुमी सांगा," त्या म्हणाल्या. "आत्ता घेऊ का थांबू?"

दुकानाला इतकी वर्षं झाली, हा प्रश्न मी रोज ऐकते, आणि माझं उत्तर ठरलेलं आहे. पण त्या दिवशी मी दोन्ही उत्तरं मनात तोलून पाहिली. घ्या म्हणाले असते तर मी ते बसवून दिलं असतं, आणि सरांसमोर तीच गिरणी पुन्हा ओरडायला लागली असती, आणखी मोठ्यानं, आणि आठऐवजी ऐंशी वेळा दळून तेच सांगितलं असतं की माहीत नाही. आणि ही बाई पुन्हा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून विचारायला उभी राहिली असती. घेऊ नका म्हणाले असते तर तिनं विचारलं असतं, का? मग मला खरं सांगावं लागलं असतं, की यंत्र लहान पडलं नाही, वहिनी. यंत्रानं सांगितलं होतं. तीन वेळा सांगितलं होतं. तिच्याकडं आता बाग नव्हती. आपला माणूस खोटं बोलत नाही, एवढंच उरलं होतं. ते मी काढून घेऊ?

मी स्क्रूच्या डबीचं झाकण लावलं.

"थांबा, वहिनी," मी म्हणाले. "नवीन येतोय."

"ह्याच्यापेक्षा चांगला?"

"खूप चांगला."

"कवा?"

"पुढच्या वर्षी म्हणतायत. तारीख पुढं-मागं होते. आला की मीच फोन करीन."

त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, हौशांचा उजळतो तसा. बशीतला थंड चहा त्यांनी एका घोटात पिऊन टाकला, पदरानं तोंड पुसलं आणि पिशवी उचलली. दारात वळून म्हणाल्या, "थांबते की. आता मला घाई कशाची हाय."